वापरातले घड्याळ

मनिरामने चिंचेच्या कोळात बोट बुडवले आणि घड्याळाच्या कडेवरून हलकेच फिरवले. हिरवा थर ओला झाला, काळपट झाला, पण सुटला नाही. त्याने चष्मा वर सरकवला, घड्याळ उन्हाकडे धरले आणि पुन्हा बोट बुडवले. पट्टा त्याने आधीच काढून ठेवला होता. चावीच्या फटीतून आत पाणी जाऊ नये म्हणून तिथे मेणाचा एक गोळा थापला होता. किती वाजले असतील म्हणून सवयीने डावे मनगट वळवले, तर ते मोकळे. मग उठून, आत जाऊन भिंतीवरचे घड्याळ पाहून यावे लागले. गेल्या दोन वर्षांत त्याच्यावर अशी पाळी आली नव्हती.

अंगणात त्याच्यासमोर त्याची थोरली बहीण सुशिलाबाई काशाची थाळी घासत बसली होती. नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली, त्याला आता बारा वर्षे होत आली. तिच्यापुढच्या घमेल्यात राख होती, आणि तीही चुलीतली नव्हे. राइस मिलमध्ये धानाचा कोंडा जळून जी बारीक करडी राख उरते ती. काशाला तिच्यासारखे दुसरे काही नाही, असे सुशिलाबाईचे मत होते आणि तिची मते सहसा बदलत नसत.

"जोर लाव ना जरा," ती म्हणाली. "नवरीच्या गालाले हळद लावून राहिला का?"

"घडी हाय बाई, थाळी नाही."

"काशाचीच हाय ना? मंग."

घड्याळ काशाचेच होते.

दोन वर्षांपूर्वी ते विशाखापट्टणमहून पोस्टाने आले. खोक्यात घड्याळ, एक जाड कागद आणि त्यावर बारीक इंग्रजी अक्षरे. कागद त्याने घडी करून पेटीत ठेवला, वाचणार कोण? रंग नव्या लोट्यासारखा पिवळसर. संध्याकाळी मनिरामचा मुलगा भुपेंद्र याचा सुशिलाबाईला फोन आला, आणि आत्याशी न बोलता त्याने फोन बापालाच द्यायला सांगितले.

"पोचली का घडी?"

"पोचली."

"काशाची हाय, बाबूजी. जहाजाचा पंखा बनवते ना, त्याच जातीची. घालजा."

"हं," मनिराम म्हणाला आणि त्याने फोन बहिणीच्या हातात दिला.

एवढेच. पण एवढेसुद्धा बाप-लेकांत चार वर्षांनी झाले होते. त्याआधीचे शेवटचे बोलणे याच अंगणातले. रुख्मा, मनिरामची बायको, एका दुपारी चूल पेटवता पेटवता पडली ती उठलीच नाही. भुपेंद्र तेव्हा विशाखापट्टणमच्या बंदरात, जहाजांच्या कारखान्यात कामाला. त्याला निघायला उशीर झाला, वाटेत गाडी चुकली, आणि तो पोचला तेव्हा रुख्माला अग्नी देऊन दोन दिवस झाले होते. अंगणात लोक बसलेले. पोरगा पिशवी खांद्यावर घेऊन फाटकात उभा राहिला आणि मनिराम सगळ्यांसमोर म्हणाला, "आता कायले आलास?"

दुःखात माणूस काय वाटेल ते बोलतो, असे लोक नंतर म्हणाले. मनिरामही स्वतःशी तेच म्हणत असे. पण बोलणारा विसरला तरी ऐकणारा विसरत नाही, हे त्याला कळायला फार वेळ लागला नाही. तेरवीपर्यंत भुपेंद्र घरात राहिला, सगळे विधी केले, आणि गेला. मग आलाच नाही. त्याची मुलगी गुंजन तिकडेच जन्मली, तिकडेच चालायला लागली. चार वर्षांच्या त्या नातीला मनिरामने पाहिले होते ते फक्त सुशिलाबाईच्या फोनवर, तेही बहिणीच्या मागे उभे राहून, मान लांबवून.

आणि आता भुपेंद्र येणार होता. उद्या. कंपनीच्या कामाला नागपूरला जायचे आहे, वाटेत एक दिवस उतरतो, असे त्याने आत्याला कळवले होते. एक दिवस. मनिरामने तो शब्द तिच्याकडून दोनदा वदवून घेतला होता.

म्हणून घर कालपासून घासले-पुसले जात होते. फळीवरची काशाची थाळी, वाटी, लोटा, सगळे खाली उतरले होते. फार दिवसांनी घरी आलेल्या माणसाला पहिले जेवण काशातच वाढायचे, ही त्या घरची रीत. थाळी काढली तर ती हिरवी पडलेली निघाली, आणि सुशिलाबाई स्वतःवरच चिडली. काशाचा एक साधा हिशोब तिथे पोरांनाही ठाऊक असतो. जे भांडे रोज हातात असते ते रोज घासले जाते, म्हणून ते झळकते. हिरवे पडते ते कोपऱ्यात विसरलेले.

थाळी पाहता पाहता तिची नजर भावाच्या मनगटाकडे गेली होती.

"हे असं हिरवं घालून बसशील पोट्ट्यासमोर?"

"का झालं?"

"का झालं म्हनते. त्याले का वाटंल? बापानं कोपऱ्यात फेकली होती, मी येतो म्हनून आज काढली."

मनिरामने मनगट वर करून पाहिले होते. खरेच होते. कडेला दाट हिरवे, मध्ये तपकिरी, पट्टा अडकतो त्या खाचांत तर शेवाळ साचल्यासारखे. हे इतके झाले कधी, त्याला सांगता आले नसते. रोज पाहणाऱ्याला कुठे दिसते?

कारण घड्याळ तो रोज घालत होता. पार्सल आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. दात घासायच्या आधी चढायचे, झोपताना उतरायचे. धान रोवण्याच्या दिवसांत चिखलात उभा असताना सुद्धा काढले नाही. काच सांभाळायला तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवायचा, एवढेच. जंगलात मोहफुले वेचायला गेला तरी हातात घड्याळ. गावातले टेकचंदसारखे रिकामटेकडे मुद्दाम आडवे येऊन विचारायचे, "काका, टाइम का झाला?" आणि मनिराम थांबून, बाही वर करून, मिनिटासकट सांगायचा. ते हसतात हे त्याला कळत होते. हसू देत.

खरे म्हणजे त्याला वेळ पाहायची काही गरज नव्हती. म्हशीला घड्याळ लागत नाही, धानालाही नाही. तो वेळ पाहायचा ती वेगळ्याच कारणासाठी. एक वाजला की त्याला वाटायचे, आता तिकडे जेवणाची सुट्टी झाली असेल. साडेपाचला वाटायचे, सुटला असेल कामावरून. रात्री आठला गुंजन जेवते, हे त्याने बहिणीच्या फोनवरच्या बोलण्यातून टिपून ठेवले होते. तेव्हा तो आपला घास हातात धरून क्षणभर थांबायचा. दोन्हीकडे एकच वेळ असते, या गोष्टीचे त्याला मोठे समाधान होते. पोराची आठवण त्याला भयंकर येत असे, आणि ती कोणाला सांगायची सोय त्याने स्वतःच ठेवली नव्हती.

"आन इकडे ती राख," तो म्हणाला.

सुशिलाबाईने मूठभर राख जुन्या धोतराच्या तुकड्यातून चाळून दिली. वस्त्रगाळ राख, वर दोन थेंब चिंचेचा कोळ. दाताच्या जुन्या ब्रशने त्याने खाचा उकरल्या. हळूहळू कडेचा पिवळा रंग डोके वर काढू लागला. दुपारपर्यंत दोघे बहीण-भाऊ तसेच बसून होते, ती भांड्यांवर आणि तो त्या दोन बोटांच्या गोलावर. बारीकसारीक ओरखडेसुद्धा राखेने घासून गेले. शेवटी मेण काढून, मऊ कापडाने पुसून, त्याने मोहाच्या बियांच्या तेलाचे बोट फिरवले. घड्याळ असे दिसू लागले की आताच खोक्यातून काढले आहे.

चिखलाने कुजलेला पट्टा फेकून दिला. नवा, तपकिरी चामड्याचा, तो परवाच आमगावच्या बाजारातून घेऊन आला होता. आणि मनगटावर दोन वर्षांत जो हिरवट डाग बसला होता, तोही उरलेल्या चिंचेने खसाखसा घासून टाकला. सुशिलाबाई हसायला लागली.

"आंघोळच कर ना चिंचेनं."

"पाय बरं," त्याने हात पुढे केला.

तिने घड्याळ निरखून पाहिले, आपल्या थाळीशेजारी धरून पाहिले. दोन्ही सारखेच झळकत होते.

"आता वाटते," ती म्हणाली, "रोजच्या वापरातली."

मनिरामला इतके बरे वाटले की त्या रात्री त्याने दोनदा भात घेतला.

भुपेंद्र दुसऱ्या दिवशी सकाळी आला. सालेकसा स्टेशनवरून ऑटो केला होता. फाटकाशी तो किंचित थांबला, म्हणजे थांबल्यासारखे मनिरामला वाटले. तेवढ्यात सुशिलाबाई लोटा घेऊन पुढे धावली, त्याच्या पायांवर पाणी घातले, त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून कडाकडा बोटे मोडली आणि रडली. रडण्याचे काम ती करत होती म्हणून मनिरामला ते करावे लागले नाही. तो खाटेवर बसून होता. सदऱ्याची डावी बाही त्याने नीट दोन घड्या घालून वर घेतली होती.

भुपेंद्र वाकून पाया पडला. कानांजवळ थोडे केस पांढरे झाले होते, पोट सुटले होते. उठताना त्याची नजर घड्याळावर पडली. त्याने बापाचे मनगट हातात घेतले.

सहा वर्षांनी त्या हाताचा स्पर्श झाला होता. मनिराम हलला नाही.

"एकदम नवी हाय," भुपेंद्र म्हणाला.

"हव," मनिराम म्हणाला. आवाजात जरा ताठा आलाच. "नवीच ठेवली."

"पट्टासुद्धा नवा."

"हव."

भुपेंद्रने मान हलवली आणि मनगट सोडले. मग पिशवीतून आत्यासाठी आणलेली साडी काढली, गुंजनचे फोटो दाखवले, रुचिका, त्याची बायको, कशी आहे ते सांगितले. पण त्याच्या बोलण्यातला जोर कुठेतरी कमी झाला होता. मनिरामच्या ते लक्षात आले. प्रवासाचा शीण असेल, असे तो धरून चालला.

जेवायला दोघे शेजारी बसले. भुपेंद्रपुढे काशाची थाळी. सुशिलाबाईने वाढायला घेतले, भात, वरण, वांग्याची भाजी, आणि भात कालवायच्या आधी हात धुवायचे म्हणून भुपेंद्रने बाही वर सारली. त्याच्या मनगटावरही तेच घड्याळ होते. तोच आकार, तीच तबकडी. फक्त रंग नव्हता. कड काळपट तपकिरी, चावीपाशी आणि खाचांत गर्द हिरवी.

"ही तर आपलीच हाय," सुशिलाबाई म्हणाली.

"दोन घेतल्या होत्या तवा," भुपेंद्र म्हणाला. "एक बाबूजीले, एक मले. एकाच दिवशी."

मनिरामचे मन एकदम भरून आले. दोन वर्षे तो जे वाजलेले पाहत होता, तेच पोरगाही पाहत होता. मग त्याला पोराची दयाही आली. कामाच्या रगाड्यात काय हाल करून ठेवले त्या वस्तूचे.

"हिरवी पडली रे," सुशिलाबाईने हात पुढे केला. "काढ. जेवन होईस्तोवर घासून देते. राख हाय अजून."

भुपेंद्रने हात मागे घेतला. पटकन घेतला.

"नको, आत्याबाई. हिले घासत नाही."

"काऊन?"

"हेच तर हाय हिचं. घालून घालून असा रंग चढते. घाम लागते, हवा लागते, पानी लागते. ज्याच्या हातात राहाते त्याच्यासारखी होते." तो भाताकडे पाहत बोलत होता. "पेटीत ठेवली तर नवीच राहाते."

बाहेर म्हशीने डोके झटकले आणि गळ्यातली घंटा वाजली.

सुशिलाबाईच्या हातातला डाव भांड्यावरच थांबला. तिने भावाकडे पाहिले. मनिराम आपल्या मनगटाकडे पाहत होता. तिथे ते लखलखीत घड्याळ बसले होते, आणि त्याला एकदम त्याची लाज वाटली.

"अरे, तो रोज घालते," सुशिलाबाई घाईने म्हणाली. "देवाशपथ. काल मीच म्हनलं घास म्हनून. मीच."

"हव, आत्याबाई," भुपेंद्र म्हणाला, आणि हसला.

ते हसू मनिरामने ओळखले. सहा वर्षे सुशिलाबाई फोनवर दर आठवड्याला भुपेंद्रला सांगत आली होती की तुझा बाप तुझी रोज आठवण काढते, काल तुझ्या नावानं रडला, परवा तुझा फोटो घेऊन बसला होता. यातले काहीच झालेले नसायचे. म्हणजे निदान तिला दिसेल असे झालेले नसायचे. बिचारी दोन्हीकडची ठिगळे लावत होती. आता पहिल्यांदा ती खरे बोलली तर ते त्याच ठिगळांत जाऊन बसले.

म्हणजे सांगायला आपणच पाहिजे. मनिरामने घास खाली ठेवला.

"मी घालत होतो," तो म्हणाला. "रोज."

भुपेंद्रने त्याच्याकडे पाहिले. रागाने नाही. रागाने पाहिले असते तर बरे झाले असते. म्हाताऱ्या माणसाकडे पाहतात तसे पाहिले, समजून घेतल्यासारखे.

"हव, बाबूजी," तो म्हणाला. "भाजी मस्त झाली, आत्याबाई. थोडी अजून वाढा."

मनिरामने घास पुन्हा उचलला. काय सांगणार? पट्टा कुठे आहे म्हणून विचारले तर, उकिरड्यावर. डाग कुठे आहे, तर चिंचेत. दोन वर्षांचा सगळा पुरावा त्याने स्वतःच्या हाताने, वस्त्रगाळ राखेने घासून टाकला होता, आणि तेही वापर पोराला दिसावा म्हणून.

संध्याकाळी दोघे शेतातल्या बांधीकडे गेले. धान पोटरीत आले होते. दोन्ही बाजूंना हिरवे, मधल्या धुऱ्यावरून एकामागे एक चालायचे. भुपेंद्रने पाण्याचे विचारले, खताचे विचारले, बाजूची बांधी आता कोण करते ते विचारले. मनिराम उत्तरे देत होता. दोघांनाही हे बोलणे सोपे जात होते. गावातली माणसे एकमेकांना हेच विचारतात.

एका ठिकाणी धुरा फुटला होता. पाणी खालच्या बांधीत वाहत होते. मनिराम वाकला, दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात घालून मातीचे ढेकूळ उचलू लागला.

"घडी काढा, बाबूजी," मागून भुपेंद्र म्हणाला. "खराब होईल ना."

मनिरामने मान वर केली नाही. मातीवर माती थापत राहिला. हजार वेळा याच चिखलात हे घड्याळ गेले आहे, असे ओरडून सांगावे असे त्याला वाटले. पण सांगून कोणी विश्वास ठेवायचा नाही आणि न सांगता राहवायचे नाही, अशी त्याची गत झाली होती.

"राहू दे," तो म्हणाला.

पाणी थांबले. भुपेंद्रने त्याला हात देऊन वर ओढले. क्षणभर दोघे समोरासमोर उभे राहिले. मनिरामला वाटले, आता बोलावे. त्या दिवशीचे. अंगणातले. ते वाक्य परत घेतो म्हणावे. पण शब्द परत कसा घेतात, हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते.

"चला," भुपेंद्र म्हणाला. "आत्याबाई वाट पाहत असंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मनिराम त्याला स्टेशनवर सोडायला गेला. नको म्हणत असताना गेला. सुशिलाबाईने पोह्यांचा चिवडा, लोणचे, तांदूळ असे इतके बांधून दिले होते की दोघांना दोन पिशव्या उचलाव्या लागल्या. सालेकसा स्टेशनवर गर्दी नव्हती. लिंबाखाली एक बाई टोपलीत सिताफळे घेऊन बसली होती. दोघे बाकावर बसले. गोंदियाकडे जाणारी गाडी यायला अजून वीस मिनिटे होती.

मनिरामने घड्याळ पाहिले. मग पाहिले म्हणून ओशाळला. नखाच्या कडेला आणि काचेभोवती कालच्या चिखलाची एक बारीक रेघ वाळून बसली होती. ती त्याने पुसली नव्हती.

"आता कवा येशील?" हा प्रश्न त्याच्या ओठांवर तीनदा आला. तिन्ही वेळा त्याच्या जागी तो जुनाच प्रश्न उभा राहिला, आता कायले आलास, आणि तोंड बंद झाले. ज्याने यायला मनाई केली त्याने बोलावणे करायचे कसे? माफी मागण्याइतके कठीण काम त्याने आयुष्यात एकदाही केले नव्हते. आणि दहा मिनिटे राहिली होती.

"भुपेंद्र."

"हं?"

"किती दिवसात होते ती?"

"का?"

"हिरवी." मनिराम रुळांकडे पाहत होता. "घडी. घासल्यावर पुन्हा किती दिवसात हिरवी होते?"

भुपेंद्रने त्याच्याकडे वळून पाहिले.

"रोज घातली तर... सहा महिन्यात बरीच होते."

"बांधीत घातली तर?"

"तर त्याच्याही आधी."

"नाही, सहाच धर." मनिरामने अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला. आश्विन, कार्तिक, एकेक पेर मोजत तो पुढे गेला आणि थांबला. "फागुन येते. तवा मोहफूल पडते."

"हव."

"तवा ये." मनिरामचा आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला. सिताफळवाल्या बाईने मान वळवून पाहिले. "येजो, आन पाहून जाजो. तुह्या डोळ्यानं. बाई सांगते ते खरं का खोटं, मी सांगतो ते खरं का खोटं."

भुपेंद्र पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिला, सोडत राहिला, पुन्हा गुंडाळत राहिला. दरेकसाच्या बाजूने गाडीचा आवाज येऊ लागला. लोक उठले.

"एकटा नको येजो," मनिराम म्हणाला.

गाडी थांबली. भुपेंद्र वाकून पाया पडला, आणि या वेळी त्याने उठायला जरा वेळ घेतला. मग दोन्ही पिशव्या घेऊन डब्यात चढला. आत जागा होती, पण तो आत गेला नाही. दारातच दांडी धरून उभा राहिला. त्याचे डोळे लाल झाले होते आणि ते लपवायला तो गाडीच्या पुढे पाहत होता. गाडीने शिटी दिली तेव्हा त्याने मान वळवली.

"आत्याबाईले सांगजा," तो म्हणाला, "गुंजनले तिखट चालत नाही."

"हव," मनिराम म्हणाला. "सांगतो."